कापसाच्या खोलीतली वायर

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

मधल्या खोलीतला बल्ब काढला. बल्ब, होल्डर, बटण, साडेचार मीटर वायर — सगळंच. नुसता बल्ब काढून भागलं नसतं, दादानं दुसऱ्या दिवशी परत लावला असता.

खोलीत यंदाचा कापूस आहे. खरेदी केंद्र अजून उघडलेलं नाही, त्यामुळे वेचणीचा सगळा माल घरातच. ढीग माळवदाच्या लाकडांना टेकायला दोन हात बाकी. बल्ब ढिगापासून वीतभर. दोनशे वॅटचा! त्याची काच किती तापते ते मी अंबडच्या आयटीआयच्या पोरांना दर वर्षी कागद धरून दाखवते. कागद तपकिरी होतो. इथे कागदाच्या जागी पस्तीस क्विंटल कापूस.

मग मीटरजवळचं फ्यूजचं कटआऊट उघडलं. फ्यूजच्या पाच अँपिअरच्या तारेऐवजी तांब्याच्या चार तारा पीळ घालून बसवलेल्या. म्हणजे घर जळालं तरी फ्यूज उडणार नाही. "सारखं उडायलं म्हणून घातली," दादा म्हणाला. जणू उडणं हा फ्यूजचा दोष! बदलली.

माय ओट्यावरून पाहत होती. "डिप्लोमा करून आली, अन् घरात अंधार केला."

वहिनीनं एवढंच विचारलं, "मंग ज्वारी कशी काढायची, वन्सं?" ज्वारीची पोती त्याच खोलीत, मागच्या भिंतीला. कापूस आणि भिंत यांच्यामध्ये दीड फुटाची बोळ. मी म्हटलं, दिवसा काढायची. लागलीच कधी संध्याकाळी, तर बॅटरी घेऊन जायचं. दाराच्या चौकटीला खिळा ठोकला आणि दोन सेलची नवी बॅटरी टांगली.

दाराशी पाण्याचा पिंप, वाळूची दोन घमेली, एक घोंगडी. चिमणी, कंदील, विडी आत न्यायची नाही — दारावर खडूनं लिहिलं. मायला वाचता येत नाही, तिला तोंडी सांगितलं. "बरं," म्हणाली. तिच्या 'बरं'वर माझा विश्वास नाही.

२१ नोव्हेंबर

वाळूचं एक घमेलं रिकामं. बेबीनं — वहिनीची पोर, चार वर्षांची — अंगणात घर बांधलं. दार ठेवलंय, खिडकी नाही. घमेलं परत भरलं.

२९ नोव्हेंबर

बॅटरी खिळ्यावर नाही. दादानं शेतात नेली. मोटारीला लाईट रात्री येते, गव्हाला पाणी धरायचं असतं. म्हटलं, ती खोलीसाठी आहे.

"साप-विंचवात मी डोळे झाकून फिरू व्हय?"

"मग सकाळी परत लाव."

"लावतो की."

लावली नाही. त्याचं फार चूक आहे असंही नाही. मीच आधी विचार करायला हवा होता: या गावात बॅटरी ही शेताची वस्तू आहे, घरात टांगायची नाही. खोलीसाठी दुसरी घ्यायची. अंबडहून.

५ डिसेंबर

बॅटरी आणायची राहिली.

१५ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या वेचणीचा कापूस आला. बोळ आता जेमतेम फूटभर. आडवं होऊन जावं लागतं. अंगाला खाज.

वहिनीला फ्यूज बांधायला शिकवलं. तिचंच म्हणणं — "तुम्ही अंबडला अन् हे शेतात, मंग उडाला की आम्ही काय बसूनच राह्यचं?" आधी मेन स्विच खाली, मग कटआऊट ओढायचं, जुनी तार झटकायची. दुसऱ्या खेपेला तिनं बराबर बांधला. तार जास्त आवळली नाही, सैलही ठेवली नाही. माझ्या पोरांना तीन आठवडे लागतात.

"वन्सं, तुम्ही सासरी गेल्यावर पयलं मीटर उघडून पाहताल, मंग नवऱ्याचं तोंड."

"मीटर खोटं दाखवत नाही."

"अन् नवरा?"

मी हसले. माय आतून म्हणाली, "दोघींचे दात पुरे झाले. तवा तापलाय." वहिनी पदर तोंडात धरून उठली.

माय तिला सारखी बोलते. भाकरी जाड, पाणी कमी, पोर रडवली. गल्लीला ऐकू जाईल असं. मी एकदा वहिनीला विचारलं होतं, तू उत्तर का देत नाहीस. म्हणाली, "त्यांचं तोंड तसंच हाय. बेबीच्या येळंला चाळीस दिवस मला पाण्यात हात घालू दिला न्हाई, ते तुम्ही बघितलं न्हाई. तुम्ही हॉस्टेलला होत्या."

खरं आहे. मी नव्हते.

२० डिसेंबर

बॅटरी अजून आणली नाही. तीन आठवडे झाले. कारण लिहिण्यासारखं काही नाही.

२९ डिसेंबर, रविवार, सकाळ

परवाचं आज लिहिते. क्रमानं.

शुक्रवार. बस सहा पन्नासला फाट्यावर आली. उतरले तेव्हा गावावर धूर. पांढरा, जाड. लाकडाचा असा नसतो. पळत सात मिनिटं.

माणसं माळवदावर चढून छत फोडत होती, वरून पाणी ओतायला. शेजारच्या पुंजाराम काकांनी घोंगडी पिंपात बुचकळून वहिनीवर टाकली होती. ती ओट्याखाली पालथी पडलेली. कोणी दौत आणली होती, भाजल्यावर शाई लावायला. मी हिसकावून फेकली. घागरीनं पाणी सोडत राहिले. वीस मिनिटं, घड्याळ पाहून. बायका म्हणत होत्या, थंडीत मारती का तिला! मी थांबले नाही. वहिनी ओरडत नव्हती. "बेबी कुठंय," एवढंच, पुन्हा पुन्हा. बेबी पुंजाराम काकांच्या घरी खेळायला गेलेली. सुखरूप. माय जोत्याला टेकून बसली होती, कोपर फुटलेलं. पळताना पडले म्हणाली.

जीपनं औरंगाबाद. सरकारी दवाखाना, जळीत वॉर्ड. अडतीस टक्के. पाठ, मान, दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजू, डावा कान. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं — जबाब देण्याच्या स्थितीत नाही.

हवालदारानं दादाला विचारलं, आग कशी लागली. दादा शेतातून धावत आलेला, त्यानं काहीच पाहिलेलं नाही. तरी म्हणाला, "शॉट सर्किट झालं साहेब." हवालदारानं लिहून घेतलं. मी चार फुटांवर उभी होते. बोलले नाही.

त्या खोलीत वायर नाही. चाळीस दिवसांपूर्वी मी काढली.

काल मायला एकटीला गाठून विचारलं. तिनं फुटलेलं कोपर पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "दळणाला ज्वारी न्हवती. द्वारका गेली काढाया, चिमणी घेऊन. म्या अंगणात होते."

म्हणजे वहिनीचं असं झालं. दिवस मावळलेला, खोली अंधारी, खिळ्यावर बॅटरी नाही. अंधार मी केलेला.

वहिनीच्या लग्नाला पाच वर्षं झाली. सात वर्षांच्या आत सून जळाली की पोलीस आधी सासरच्यांना धरतात. दादाला हे ठाऊक आहे. म्हणून शॉट सर्किट.

२९ डिसेंबर, दुपार

दादा दवाखान्यातून आला. दाढी वाढलेली. बसला नाही.

"उद्या पंचनामा हाय. वीज मंडळाचे इंजिनिअर येणार."

"दादा, खोलीत वायर नाही."

"मंग टाक."

मला आधी कळलं नाही.

"तूच काढली ना? तूच टाक. जाळून टाक. तुला काय येत न्हाई व्हय?" मग आवाज बसला त्याचा. "मायला नेतील, शिवे. मला नेतील. द्वारका तिथं तशी पडलेली. पोरगी कुणापाशी ठिवू?"

येतं मला. वायरचं भेंडोळं माळ्यावरच आहे. वरचं प्लास्टिक चुलीवर जाळायचं. भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, त्यातच ठोकायची. शॉर्ट झालेल्या तांब्याच्या टोकाला बारीक गोल मणी येतो, नुसत्या आगीत जळलेल्या तारेला येत नाही. इंजिनिअर तोच शोधतील. मणी कसा येतो ते मी वर्गात करून दाखवते. अर्धा मिनिट. एकूण काम पाऊण तासाचं.

आणि मग अंधाराचा प्रश्नच उरत नाही. खोलीत वायर होती म्हणजे उजेड होता. म्हणजे मी काही केलंच नाही. हे मला दादाच्या आधी सुचलं होतं, शुक्रवारी जीपमध्येच. लिहून ठेवते.

भेंडोळं मांडीवर घेऊन बसले. आत ढीग अजून धुमसतोय. वरून विझलेला, पोटात निखारा. माणसं फावड्यानं ओढून अंगणात पसरतात, की परत धूर निघतो.

भेंडोळं परत माळ्यावर ठेवलं. दादाला म्हटलं, मी नाही करणार. वायर टाकली आणि उद्या कोणी गावातलाच म्हणाला की हिनं तर दिवाळीनंतर काढली होती, तर कोणीच वाचणार नाही. खरं तेच लिहून देते.

"मंग तू शिकली कशाला?" तो म्हणाला. रागानं म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

३० डिसेंबर

पंचनामा. हवालदार, इंजिनिअर, तलाठी.

मी जबाब घरूनच लिहून ठेवला होता. एक पान. सदर खोलीतली वायरिंग मी स्वतः १७ नोव्हेंबरला काढली. २७ डिसेंबरला सायंकाळी द्वारकाबाई यांच्या हातून चिमणी पडून कापसाने पेट घेतला. खोलीत उजेडाची सोय नव्हती, ती मी काढून घेतल्यामुळे. खाली सही.

हवालदारानं दोनदा वाचलं. "मंग तुमचा भाऊ शॉट सर्किट का म्हणला?"

"घाबरला."

"काही केलंच न्हाई तर घाबरला कशाला, ताई?"

मी खरं सांगितलं. त्या खऱ्यामुळे दादा खोटा ठरला, आणि दादा खोटा म्हणजे सगळं घर. हे मी मोजलं नव्हतं.

इंजिनिअरांना राखेत चिमणी सापडली. ज्वारीच्या पोत्यांपाशी, पत्र्याची, तळ उकललेला. भिंतीवरची रिकामी भोकं त्यांनी बोटानं चाचपली. "वायर काढली ते बरोबरच केलं, मॅडम. पण बदल्यात काय दिलं?" बॅटरीचं सांगितलं. 

एवढ्यात साहेबराव आला. वहिनीचा भाऊ, राजूरचा. सोबत सहाजण. अंगणात उभा राहून ओरडला, "आधी शॉट सर्किट म्हणले, आता चिमणी! उद्या काय म्हणताल, तिनंच राकेल घेतलं वतून?" मग मायकडे बोट. "हिनं जाळलं माझ्या बहिणीला! साऱ्या गावाला ठावं हाय हिचं तोंड!"

माय बोलली नाही. एक शब्द नाही! जिच्यापुढे गल्लीत कोणी टिकत नाही, ती मातीकडे पाहत बसली. मला साहेबरावपेक्षा तिचाच राग आला. निदान नाही म्हण!

पुंजाराम काकांनी साहेबरावला धरलं. हवालदार जाताना म्हणाला, "उद्या नायब तहसीलदार बाईचा जबाब घेतील. ती काय म्हणती, त्याच्यावर सगळं. तवर कुणी गाव सोडू नका. दवाखान्यात येणार असाल तर मला सांगून."

३१ डिसेंबर

जबाबाच्या आधी नातेवाइकांना बाहेर काढतात. सिस्टरनं मला पाच मिनिटं दिली.

वहिनीच्या उजव्या कानाशी वाकले. म्हटलं, "जे झालं ते बराबर सांग. एक शब्द कमी नको, एक जास्त नको. खरं सांगितलं की कोणाला काही होत नाही." तीनदा सांगितलं.

ती पाहत राहिली. पापण्यांचे केस जळालेत, त्यामुळे नजर फार उघडी वाटते.

"पोरगी?"

"पुंजाराम काकांकडे."

"आत्याबाई?" मायला ती आत्याबाई म्हणते.

"घरी."

"त्यांना कुणी काही बोललं का?"

साहेबराव काय बोलला ते सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. तिनं डोळे मिटले. मला वाटलं गुंगी आली. मग म्हणाली, "पाठवा त्यांना आत."

पडदा. नायब तहसीलदार आणि एक डॉक्टर. पंधरा मिनिटं. दादा जिन्याच्या कठड्याला धरून उभा. साहेबराव समोर. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

हवालदारानं साहेबरावलाच वाचून दाखवलं. "मी चिमणी घेऊन ज्वारी काढण्यास गेले. पदर पोत्यास अडकला व चिमणी माझ्या हातून पडली. त्या वेळी खोलीत अन्य कोणी नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." खाली पायाच्या अंगठ्याचा ठसा. हातांना पट्ट्या आहेत.

साहेबराव भिंतीला टेकून खाली बसला. "माझी बहीण खोटं बोलत न्हाई," म्हणाला, आणि रडला. दादानं त्याला पाणी दिलं.

माझ्या जबाबाशी बरोबर जुळलं.

३ जानेवारी १९९७

सबस्टेशनला गेले. कडूबा लाईनमन ड्युटीवर. २७ तारखेचं रजिस्टर दाखवा म्हटलं. मला एकच पाहायचं होतं, सहा ते सात लाईट होती की नव्हती. नसेल तर बल्ब असूनही चिमणीच न्यावी लागली असती. नसेल तर मी सुटले.

कडूबानं ओळीवर बोट फिरवलं. "पाच दहाला आली, साडेआठपस्तोर सलग. त्या दिशी कदी न्हाई ती बराबर होती बघा. कशाला पायजे होतं?"

"असंच. कामासाठी."

"चहा घ्या की मॅडम."

घेतला. सलग होती.

८ जानेवारी

ताप एकशे तीन. जखमेत पू. डॉक्टर म्हणतात, पुढचे दहा दिवस काही सांगता येत नाही. रजा टाकली.

त्यांना विचारलं, चिमणी पुढे पडली तर भाजली पाठ का? "अहो, पेटलेलं माणूस उभं राहत नाही. वळतं, पळतं." पटलं.

११ जानेवारी

साहेबराव रात्रपाळी घेतो, मी दिवस. सकाळी बदलताना तो म्हणाला, "तुम्ही तिच्यावर घड्याळ लावून पाणी घातलं म्हणं."

"हो."

"डॉक्टर म्हणले, त्यानंच वाचली इतकी तरी." पिशवी खांद्याला लावली. "म्या काय काय बोललो त्या दिशी."

मी म्हटलं, संत्री संपलीत, येताना आणा. दुसरं काय म्हणणार? वाचवल्याचं श्रेय घ्यायचं तर अंधाराचंही सांगावं लागेल.

१४ जानेवारी

संक्रांत. सिस्टरनं वॉर्डात तिळगूळ वाटला. वहिनीच्या जिभेवर एक तीळ ठेवला. गिळता आला नाही.

१९ जानेवारी

माय रोज येते. दोन बसा बदलून, डबा घेऊन. दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ वरण, गाळून. वॉर्डात येत नाही. जिन्याखाली बसते, डबा माझ्या हातात देते, रिकामा घेऊन जाते.

आज बोलले. "तेवीस दिवस झाले. एकदा वर येऊन तोंड दाखव तिला. तिच्या जबाबानं तू सुटलीस!"

"ठावं हाय मला."

"मग?"

"जिना चढवत न्हाई."

हीच माय माळवदावर चढून मिरच्या वाळत घालते! मी म्हटलं, तुला तिचं काही वाटत नाही. ती डब्याचं झाकण पदरानं पुसत राहिली. मग, "वरण खाल्लं का तिनं?"

दगड आहे. आईबद्दल असं मी याआधी लिहिलेलं नाही.

२ फेब्रुवारी

ताप उतरला. मांडीची कातडी काढून पाठीवर लावली, ती धरली. "जगेल," डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले.

खाली जाऊन मायला सांगितलं. तिनं डबा बाजूला ठेवला. दोन्ही हात फरशीला टेकवले. मग उठली आणि बसस्टँडकडे चालायला लागली. रिकामा डबाही घेतला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी. मधली खोली साफ केली. छत नवं. भिंती खरवडल्या तरी काळ्या.

खोली आणि स्वयंपाकघर यांच्या भिंतीतला कोनाडा आरपार केला. खोलीच्या बाजूनं जाड काच, मातीनं लिंपून बंद. बल्ब स्वयंपाकघराच्या बाजूला, साठचा. उजेड आत, ताप बाहेर. पोत्यापर्यंत स्पष्ट दिसतं. दादा आत जाऊन उभा राहिला, हात पुढे धरून पाहिला. 

एका दिवसाचं काम. नोव्हेंबरात सुचायला हवं होतं. तेव्हा मी काय काढायचं एवढंच पाहिलं. काढल्यावर माणसं काय करतील, ते पाहिलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुंजाराम काका म्हणाले, आमच्याबी घरातलं बघ. मग गल्लीच लागली. आज चौदा घरं. नऊ ठिकाणी फ्यूजला जाड तार. अकरा घरांत औषधाच्या बाटलीची चिमणी, बुचाला भोक पाडून वात ओवलेली. सहा घरांत कापूस अजून पडलेला, एका ठिकाणी ढिगावरच अंथरूण!

गोजरबाई म्हणाली, "आता आमचा बी बल्ब काढती का काय?" बाकीच्या माझ्याकडे पाहायला लागल्या. तिनं टोमणा मारला की सहज विचारलं, कळलं नाही. मी म्हटलं, "नाही मावशी. बदली दिल्याशिवाय काही काढत नाही आता." कापूस होता तिथला बल्ब दाराच्या वर बाहेरून घेतला. चिमणीला खाली रुंद पत्र्याची बैठक लावून दिली, कलंडू नये म्हणून. तार बदलताना दोन सुना बघायला पुढे आल्या. त्यांच्याकडून बांधून घेतलं.

९ मार्च, रविवार

वहिनी घरी आली. बेबी तिच्याकडे गेली नाही, लांबून बघत राहिली. संध्याकाळी मात्र मांडीवर झोपली.

माय तिचं सगळं करते. पाठीला खोबरेल, अंघोळ, उरलेल्या केसांची वेणी. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मायचं बोलणंच आटलंय. गल्लीतल्या बायका म्हणतात, सासू सुधारली. मला तसं दिसत नाही. ती वहिनीच्या डोळ्याला डोळा देत नाही. अजून काय राग धरून आहे, कळत नाही.

१६ मार्च

वहिनीच्या बोटांचे व्यायाम. मी एकेक बोट वळवते, ती दहापर्यंत मोजते. आज धीर करून म्हटलं, मी बॅटरी आणली असती तर तुला चिमणी न्यावी लागली नसती. माझ्यामुळे झालं.

ती मोजायची थांबली.

"चिमणी माझ्या हातात न्हवती, वन्सं. आत्याबाई गेल्त्या ज्वारी काढाया. मी भडका बघून आत गेले. त्यांना बाहेर लोटलं, तवर ढीग माझ्या पाठीवर आला."

"मग जबाबात —"

"सासूच्या हातात चिमणी अन् जळाली सून. बराबर तसंच सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

मला उत्तर येत होतं.

चुलीपासून मायनं विचारलं, "भाकरी कितीक टाकू?" तोंड तव्याकडेच. 

"पाच टाका, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "वन्सं बी आत्ताच जेवायल्यात." आणि बोटं परत माझ्या हातात दिली. सहा. सात.